मोहगावला न उतरणारे उस्ताद

गाडी सुरू करण्याआधी ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवत आणि क्षणभर डोळे मिटत. पुढच्या बाकावरच्या प्रवाशांना वाटे, डायवर देवाचं नाव घेतोय. एकदा सौंसरच्या एका कापूस व्यापाऱ्याने विचारलंच, "कोन्या देवाले आठवता, उस्ताद?"

"देवाले नाई जी," ते म्हणाले. "माहे हात कुठं हायेत ते पाहून राहिलो."

व्यापाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवी उचलून मागच्या बाकावर जाऊन बसला.

मी त्या गाडीवर कंडक्टर होतो. पांढुर्णा ते सौंसर, मधे मोहगाव, आणि परत. दिवसाला तीन फेऱ्या. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझं वय सव्वीस, त्यांचं पन्नाशीला टेकलेलं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, म्हणून मीही म्हणे. ते मला 'बाबू' म्हणत, आणि रागावले की 'कंडक्टरसाहेब'. पहिली दोन वर्षं मी 'कंडक्टरसाहेब'च जास्त ऐकलं.

कारण डोळे मिटणारे उस्ताद नंतरचे. आधीच्या उस्तादांचा हात सदा हॉर्नवर असे. एकदा पांढुर्ण्याबाहेर म्हशी रस्त्यात बसल्या होत्या. उस्ताद खाली उतरले आणि भांडले. म्हशींच्या मालकाशी नाही, म्हशींशी. अशा शिव्या दिल्या की गाडीतल्या बायांनी पदर तोंडाला लावले. म्हशी उठल्या, पण त्यांच्या सवडीने.

तुम्ही असे रागीट लोक पाहिले असतील. पण उस्तादांच्या रागाला एक इतिहास होता, आणि तो त्यांना शोभायचाही. तिगावच्या एका मजूर घरात ते जन्मले. विशीत असताना नागपूरला जाऊन त्यांनी धम्मदीक्षा घेतली, घरी परत आले आणि देव्हाऱ्यातले देव टोपल्यात भरून नदीला नेऊन सोडले. "त्या दिवसापासून माह्या मानेत वाकायचा सांधाच नाई, बाबू," असं ते सांगायचे, आणि खरोखरच मान ताठ करून दाखवायचे. मला ते ऐकायला आवडे. मी शेतकरी कुणब्याच्या घरचा. आमच्या घरात अशा माणसांबद्दल जे बोललं जाई त्यापेक्षा हे फार वेगळं होतं.

फक्त एक गोष्ट मला कळत नव्हती. प्रत्येक थांब्यावर उस्ताद खाली उतरत, चहा घेत, दोघाचौघांशी वाद घालत. मोहगावला मात्र उतरत नसत. गाडी तिथे सात-आठ मिनिटं थांबायची. तेवढा वेळ ते समोरच्या काचेतून सरळ रस्त्याकडे पाहत बसायचे. उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीने सदरा अंगाला चिकटायचा, तरी उतरायचे नाहीत.

मोहगावच्या चहावाल्याने मला एकदा कारण सांगितलं. थांब्याच्या डाव्या हाताला, निळ्या दाराच्या घरात उस्तादांची मुलगी नांदत होती. एकुलती एक. तिने मोहगावच्या एका संत्रा बागायतदाराच्या धाकट्या मुलाशी कोर्टात लग्न केलं होतं. मुलाच्या घरच्यांनी वर्षभर थयथयाट केला आणि मग गिळलं. उस्तादांनी गिळलं नाही. ज्या लोकांनी आपल्या बापाला अंगणाबाहेर उभं ठेवलं, त्यांच्यात पोरगी गेली. त्यांनी भिंतीवरचा तिचा शाळेतला फोटो काढला आणि बायकोला सांगितलं, "आपली पोट्टी मेली."

पुढे, मी या गाडीवर यायच्या आधी, बायको खाटेला लागली. तिने पंधरा दिवस मुलीचं नाव घेतलं. उस्ताद त्या पंधरा दिवसांत रोज सहादा मोहगाववरून गाडी घेऊन गेले आणि निरोप दिला नाही. आई गेल्याचं मुलीला कळलं ते राख सावडून झाल्यावर, एका प्रवाशाकडून.

हे ऐकल्यावर मला काही दिवस उस्तादांशी नीट बोलता आलं नाही.

त्याच सुमारास त्यांच्या वस्तीतल्या पत्र्याच्या विहारात एक वृद्ध भंते वर्षावासाला येऊन राहिले. पावसाळ्याचे तीन महिने. बोलायला हळू, ऐकायला जरा बहिरे. उस्ताद सुरुवातीला वाद घालायला म्हणूनच गेले असणार. पण बहिऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही. मग ते नुसते बसू लागले. भंत्यांनी त्यांना श्वासाकडे पाहायला शिकवलं, हातापायांकडे पाहायला शिकवलं. आणि एक गोष्ट सांगितली, ती उस्तादांच्या मनात रुतली.

सौंसरच्या स्टँडवर डबा खाताना ती त्यांनी मला समजावून सांगितली. "पाह्य बाबू, मानूस दोन परकारचा. एक पुथुज्जन. म्हंजे तुमी-आमी, साधे, झोपेतले. दुसरा सोतापन्न. धम्माच्या धारेत पाय पडलेला. एकदा पडला की धार त्याले नेतेच, तो मागं फिरत नाई."

"मग तो पाय पडतो कसा?"

"तीन बेड्या तुटल्या की पडते. एक, हे सारं म्हंजे 'मी' हाओ, ही बेडी. दुसरी, शंकेची. तिसरी, नुसते विधी केले की सुटलो, असं वाटते ती." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "म्या दीक्षा घेतली, देव सोडले, पन बाबू, पुथुज्जनचा पुथुज्जनच राहिलो काय?"

मग त्यांनी ते एखाद्या परीक्षेसारखं मनावर घेतलं. बिडी सुटली. मटण सुटलं. शिव्या सुटल्या. ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड गेली असावी, कारण कित्येकदा त्यांचं तोंड उघडायचं आणि आवाजाशिवाय मिटायचं. पहाटे तासभर बसणं सुरू झालं. गाडी सुरू करण्याआधी हात पाहणं तेव्हाचंच.

एका सुट्टीच्या दुपारी मी ड्यूटीचा बदल सांगायला त्यांच्या घरी गेलो, ते विहारात होते, म्हणून तिथे गेलो. पंचशील म्हणून झालं होतं. उस्ताद भंत्यांसमोर बसले होते आणि जरा जोरात, ऐकू जावं म्हणून, विचारत होते, "भंते, मले सांगा. मी सोतापन्न झालो का?"

भंते हसले. त्यांनी सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"कोनी नाई. मंडळी वारली."

"मुलंबाळं?"

"नाई भंते. मूलबाळ नाई."

मी दारात उभा होतो. उस्तादांची नजर माझ्याकडे गेली आणि तिथेच अडकली. भंत्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ते बाहेरून आलेले, त्यांनी मान हलवली आणि दुसरं काही बोलू लागले.

परत येताना उस्ताद रस्त्यात मधेच थांबले. "बाबू, खोटं न बोलायचं शील आताच घेतलं होतं म्या. तोंड वाळलंबी नव्हतं. त्याच तोंडानं माही पोरगी नाई म्हनून सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर आले तेव्हा म्हणाले, "जाऊन आलो. सारं सांगितलं भंत्यांले. फोटो काढला ते, तिच्या मायचं, सारं."

"काय म्हणाले?"

"म्हनाले, आता तुमच्याशी बोलता येईल."

वस्तीत सगळ्यांना हे बसणं पटत होतं असं नाही. तिथला एक तरुण मास्तर त्यांना रस्त्यात अडवून म्हणाला, "उस्ताद, तुमी लढनारे मानूस. डोळे मिटून कुठं समता येते?" उस्ताद म्हणाले, "डोळे उघडे ठेवून म्या माह्या घरात काय केलं ते तुले ठाऊक नाई, बाप्पा."

पण ते मवाळ झाले असं मात्र समजू नका. रस्त्यातल्या एका खेड्यात नवा चहावाला आला होता. त्याने उस्तादांना कान तुटलेला वेगळा कप दिला. पूर्वी त्यांनी टेबल उलटं केलं असतं. आता त्यांनी कप खाली ठेवला. "दुसरा दे."

"तुमच्यासाठी हाच हाय."

"बरं. बाबू, आजपासून इथं चहाले गाडी थांबनार नाई." आवाज चढला नाही, हात उचलला नाही. आठ दिवस आम्ही पुढच्या गावात चहा प्यायलो. नवव्या दिवशी चहावाला रस्त्यावर येऊन हात दाखवत उभा होता, आणि सगळे कप एकसारखे होते. उस्तादांनी चहा घेतला, त्याच्या चहाची तारीफही केली. खरं सांगतो, चहा काही खास नव्हता.

मग तो दिवस आला. मोहगावला गाडी थांबली आणि उस्तादांनी आपल्या बाजूचं दार उघडलं. "बाबू, दोन मिनिटं." ते निळ्या दाराकडे चालत गेले. मी मागे गेलो. का गेलो ते आजही सांगता येत नाही.

दार मुलीनेच उघडलं. आत सासू उभी होती. मुलीने बापाला ओळखलं, पण उंबऱ्याच्या आतच राहिली.

"म्या चुकलो," उस्ताद म्हणाले.

"माय गेली तेव्हा काहून नाई चुकले?"

उस्तादांनी उंबऱ्याकडे पाहिलं.

"लोक सांगतात तुमी आता रोज ध्यान करून राहिले," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मंग आज माह्यासाठी आले का तुमच्या ध्यानासाठी?"

स्टँडवर प्रवासी ओरडत होते. उस्ताद वळले, येऊन सीटवर बसले. सौंसरपर्यंत गाडी इतकी हळू चालली की सायकलवाले पुढे गेले.

डबा उघडला नाही त्या दिवशी. म्हणाले, "बरोबर बोलली पोट्टी. म्या माह्यासाठीच गेलो होतो. साफ व्हायले. जशी काय ती साबन."

त्यानंतर ते त्या दारात गेले नाहीत. पण मोहगावला खाली उतरू लागले. गाडीच्या पुढे, उघड्यावर उभे राहायचे. हाक नाही, निरोप नाही. मी विचारलं, "तिनं पाहावं म्हणून का?" म्हणाले, "नाई. इतकी वर्सं लपलो होतो, आता लपून नाई राहिलो, एवढंच." असं एक वर्ष गेलं असेल. दार कधी उघडं असे, कधी बंद. उस्ताद आठ मिनिटं उभे राहत आणि गाडी घेऊन निघत.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला माझीच लाज वाटते.

कापूस फुटायचे दिवस होते. सकाळची फेरी. मोहगावच्या थांब्यावरून गाडी नुकतीच हलली होती. त्या दिवशी मुलगी अंगणात होती, दोरीवर कपडे वाळत घालत होती. उजव्या गल्लीतून एक बैलगाडी आली. ब्रेक लागला, पण उशिरा लागला. गाडीवान म्हातारा फेकला गेला, त्याचा उजवा हात मोडला. डावा बैल उठलाच नाही.

उस्ताद रस्त्यावर बसले. बैलाचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि तो जाईपर्यंत हलले नाहीत. म्हातारा एका हाताने दुसरा हात धरून त्यांना शिव्या देत होता. ते ऐकत होते.

चौकशी लागली. मला आधी बोलावलं. मी सांगितलं, बैल बुजले आणि गाडीवान अंगावर आला, डायवरची चूक नाही. दोन प्रवाशांनीही तेच सांगितलं. आम्ही ठरवूनच गेलो होतो. उस्तादांनी फक्त मान हलवायची होती.

राज्य हिंदीचं, तेव्हा चौकशीचे साहेबही हिंदीवाले होते. त्यांनी कागद पाहत म्हटलं, "सबका बयान तुम्हारे हक में है. तुम भी यही कहते हो ना?"

"नहीं साहब," उस्ताद म्हणाले. "बैल नहीं बिचके. मेरा ध्यान नहीं था."

साहेबांनी मान वर केली. "ध्यान किधर था?"

"मेरी लड़की के घर की तरफ. वो आँगन में थी. मैं उसको देख रहा था."

खोलीत पंखा फिरत होता. साहेबांनी पेन खाली ठेवलं, परत उचललं, आणि लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडलो. "उस्ताद, आम्हाला खोटं पाडलं तुम्ही! तुमच्यासाठीच बोललो ना आम्ही?"

"ठाऊक हाय, बाबू. तुमी प्रेमानं बोलले." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पन ते खोटं म्हाताऱ्याच्या अंगावर जात होतं नं."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता. पूर्वीचे उस्ताद मला जास्त सोयीचे होते.

त्यांना गाडीवरून काढलं. काही महिने निलंबन, नंतर डेपोत गाड्या धुण्याचं काम. निलंबनाच्या त्या काळात ते रोज सकाळी आमच्याच गाडीने, तिकीट काढून, मोहगावला येत आणि म्हाताऱ्याच्या शेतात कापूस वेचत. भरपाईचे सरकारी कागद आपल्या गतीने चालले होते. पण म्हाताऱ्याचा उजवा हात गळ्यात होता आणि कापूस फुटून खाली गळत होता. पहिल्या दिवशी त्याने उस्तादांना धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, हाकललं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी शिव्या देत वेचू दिलं. दोन आठवड्यांनी आमची गाडी जरा उशिरा पोचली तर म्हातारा स्टँडवर येऊन माझ्यावरच ओरडला, "काहून रे, माहा गडी कुठं ठेवला?"

आणि एक दिवस मुलगी आमच्या गाडीत चढली. सौंसरचं तिकीट घेतलं. मी पुढे सरकणार तोच म्हणाली, "बाबूजी, एक इचारू? ते साहेबासमोर खरंच तसं बोलले काय?"

"हो."

"काय बोलले? त्यांचाच शब्द सांगा."

"म्हणाले, मेरी लड़की के घर की तरफ."

"हिंदीत?"

"साहेब हिंदीवाले होते, बाई."

ती हसली, आणि लगेच पदराने डोळे पुसले. सौंसरपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.

पुढचं मला त्या म्हाताऱ्याने सांगितलं. एका सकाळी ती शेतात आली. उस्ताद ओळीत वाकून वेचत होते, पाठमोरे. तिने कमरेला फडकं बांधलं आणि शेजारची ओळ धरली. उस्तादांनी पाहिलं. दोघं वेचत राहिले. दुपारी तिने भाकरी सोडली, अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. संध्याकाळी निघताना तिने विचारलं, "मायनं माहं नाव घेतलं होतं काय?"

"रोज," ते म्हणाले. "पंधरा दिवस. म्या ऐकून घेतलं अन् सांगितलं नाई."

म्हातारा म्हणाला, "मले वाटलं आता पोरगी उठून जाते. नाई गेली. खाली बसून रडली. हा बाजूले बसला. समजावलं नाई, हात नाई लावला, सोडूनबी नाई गेला. मी तं गेलो बाप्पा उरलेल्या बैलाले पानी दाखवाले. मले नाई पाहवलं."

नंतर, ते डेपोत गाड्या धूत असताना, मी एकदा विचारलं. पाण्याचा पाइप त्यांच्या हातात होता. "उस्ताद, मग झाले का तुम्ही? सोतापन्न?"

त्यांनी थोडा विचार केला. टाळायचं म्हणून नाही, खरंच शोधून पाहिल्यासारखा. "आता इचारावंसं वाटत नाई, बाबू," ते म्हणाले. "पयले लय वाटे." आणि चाकाचा चिखल काढू लागले.

भंते वर्षावास संपवून केव्हाच पुढे निघून गेले होते. त्यांना विचारायची सोय नव्हती. मी धम्माचा अभ्यासक नाही, हिशेब करणारा मी कोण. मी फक्त एवढं सांगू शकतो की ज्यात मी खोटा पडलो तो जबाब मी कधीच बदलला नाही. दोनदा डेपोच्या कचेरीच्या पायऱ्या चढलो आणि साहेब जेवायला गेलेत म्हणून सुटल्यासारखं वाटून खाली उतरलो. ते कागद अजून कुठल्यातरी गठ्ठ्यात असतील. एकाच घटनेचे दोन जबाब, एकावर माझी सही.

दशक संपता संपता उस्ताद गेले. थंडीचे दिवस होते. दोन दिवस ताप आला आणि दुपारी, मुलगी उशाशी असताना, गेले. मी फेरीवर होतो. संध्याकाळी सौंसरला कळलं. परत पांढुर्ण्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्याच्या महिनाभर आधी ते शेवटचे माझ्या गाडीत बसले होते. गर्दी होती. त्यांना जागा मिळाली होती, पण एका लेकुरवाळ्या बाईला देऊन ते दांड्याला धरून उभे राहिले. नवा डायवर तरुण होता, हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. मी ओशाळून त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "वाजवू दे. उतरेल हळूहळू."

मोहगाव आलं. चार-पाच माणसं उतरली, त्यांत तेही. पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी. गल्लीच्या तोंडाशी एक बैलगाडी येत होती. ते बाजूला झाले, ती जाऊ दिली, आणि मग चालू लागले. निळं दार अजून पंचवीस पावलांवर असेल. ते पोचायच्या आत कुणीतरी आतून ते उघडलं.

मला घंटी द्यायची होती. डायवरने दोनदा मागे वळून पाहिलं, तरी मी दिली नाही.